ब्रुजमध्ये पाणी स्थिर होईपर्यंत थांबा: दोन रात्रींचा प्रवास आणि फोटोंची तयारी

ऑक्टोबरच्या मध्यावर ब्रुजमधल्या पर्यटक बोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतात. शेवटची बोट धक्क्याला लागते, माणसं उतरतात, नावाडी दोर आवळून निघून जातो. पाणी मात्र लगेच शांत होत नाही. कालव्याच्या दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती थेट पाण्यातून वर आलेल्या आहेत. लाट एका भिंतीवर आपटते, परत फिरते, समोरच्या भिंतीवर जाते. पंधरा-वीस मिनिटं हेच चालू राहतं. तोवर घंटाघराचं प्रतिबिंब तुकड्यातुकड्यांत हलत असतं. मग हळूहळू ते तुकडे जुळायला लागतात आणि सूर्य मावळायच्या सुमाराला उलटा मनोरा पाण्यात अखंड उभा राहतो.

हे बघायला त्या वेळी काठावर फारसं कुणी नसतं. एका दिवसासाठी आलेले बहुतेक लोक तोवर ब्रसेल्सच्या गाडीत बसलेले असतात. पहिल्या खेपेला मीही त्यांच्यातच होतो. ग्रुप टूरच्या बसने दुपारी बाराला आलो, तीन तास मिळाले, चारच्या आत परत. घरी येऊन फोटो पाहिले तर एकाही फोटोत पाणी सलग नव्हतं. दुसऱ्या वेळी तीन रात्री राहिलो आणि तेव्हा कळलं की या गावात काय बघायचं यापेक्षा ते किती वाजता बघायचं हे आधी ठरवायला हवं. त्यामुळे या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला सुरुवातीलाच देतो: ब्रुजमध्ये किमान एक रात्र झोपा. दोन मिळाल्या तर उत्तमच.

गाव असं का राहिलं, हे थोडक्यात

बेल्जियमच्या उत्तर भागात, म्हणजे फ्लँडर्समध्ये, समुद्रापासून थोडं आत हे शहर आहे. 1134 मध्ये मोठ्या वादळी भरतीने किनारा फोडला आणि झ्विन नावाची खाडी आत घुसली. त्या खाडीने ब्रुजला समुद्राशी जोडलं. पुढची दोन-तीन शतकं इंग्लंडची लोकर, इटलीचे सावकार, जर्मन व्यापारी, सगळे इथे येत होते. व्यापारी जिथे जमत तो चौक तेर बुर्झे या खानावळवाल्या कुटुंबाच्या घरासमोरचा. शेअर बाजाराला युरोपातल्या अनेक भाषांत जो ‘बोर्स’ शब्द आहे, तो त्याच नावावरून आला असं मानतात.

मग खाडी गाळाने भरत गेली. 1500 च्या आसपास मोठी जहाजं येईनाशी झाली, व्यापार अँटवर्पला गेला आणि ब्रुज गरीब झालं. जुनी घरं पाडून नवी बांधायला लोकांकडे पैसा नव्हता, म्हणून गाव तसंच राहिलं. 2000 साली युनेस्कोने ऐतिहासिक केंद्राला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज आपण ज्या आरशासारख्या पाण्याचे फोटो काढतो, ते समुद्राने सोडून दिलेल्या बंदराचं पाणी आहे. कॅमेरा घेऊन काठावर उभं राहताना हे डोक्यात असलं की फोटोत काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते ठरवणं सोपं जातं. निदान मला तरी जातं.

कधी जायचं

याचं उत्तर मी बोटींच्या वेळेवरून काढतो. बोटी साधारण मार्च ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चालतात. आपल्याला उजेड हवा आहे तो या वेळेच्या बाहेरचा.

जूनमध्ये सूर्य साडेपाचला उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. दोन्ही बाजूंना भरपूर वेळ मिळतो, पण सूर्यास्तानंतरच्या निळ्या प्रकाशासाठी रात्री साडेदहापर्यंत जागायचं आणि पहाटे पाचला उठायचं, हे दोन दिवस सलग झेपत नाही. डिसेंबरमध्ये उलट. सूर्य पावणेनऊला वर येतो, पावणेपाचच्या आत मावळतो. बोटी नसतात, पाणी दिवसभर शांत असतं, पण नाताळच्या बाजाराची गर्दी आणि हाडं गोठवणारी ओल असते. माझ्या मते ऑक्टोबरचा मध्य आणि एप्रिलचा मध्य हे दोन काळ सगळ्यात सोयीचे. ऑक्टोबरमध्ये सूर्य आठनंतर उगवतो आणि सातच्या जरा आधी मावळतो. म्हणजे आरामात उठा, पहाटेचा उजेड घ्या, दहाला बोटी सुरू झाल्या की नाश्त्याला जा. संध्याकाळी बोटी थांबल्यावर बरोब्बर तासाभरात दिवे लागतात. एप्रिलमध्ये बेगाइनहोफ या जुन्या स्त्री-वसाहतीच्या अंगणात पिवळे डॅफोडिल फुललेले असतात, ते त्या महिन्याचं वेगळं आकर्षण.

व्हिसाबद्दल दोनच गोष्टी. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो आणि ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्यामुळे उन्हाळ्यासाठी शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. प्रवासविमा किमान 30,000 युरोंच्या संरक्षणाचा असावा लागतो.

पोहोचायचं कसं

ब्रसेल्सहून रेल्वेने साधारण एक तास, गेंटहून अर्ध्या तासाच्या आत. देशातल्या गाड्यांना आसन आरक्षण नसतं, तिकीट काढायचं आणि चढायचं. गोंधळ नावांचा होतो. आपण ज्याला फ्रेंच वळणाने ब्रुज म्हणतो, ते स्टेशनवरच्या पाट्यांवर ‘ब्रुगे’ असतं. फ्लँडर्समध्ये शिरल्यावर पाट्या डचमध्ये होतात, आणि ब्रसेल्सचं ‘मिदी’ आणि ‘झाउद’ हे एकच स्टेशन आहे, हे लक्षात ठेवा. इथले लोक डच बोलतात. सवयीने ‘मेर्सी’ म्हणण्यापेक्षा ‘डांक यू’ म्हणा, समोरचा माणूस लगेच खुलतो. इंग्रजी जवळजवळ सगळ्यांना येतं.

स्टेशन गावाच्या दक्षिणेला आहे, मुख्य चौक पायी वीसेक मिनिटांवर. रस्ते दगडी चिऱ्यांचे आहेत. चाकांची मोठी बॅग त्यावरून ओढताना हातही दुखतो आणि चाकंही जातात, तेव्हा सामान मोठं असेल तर बस घ्या. दोन बारीक गोल पिनांचा मोबाइल चार्जर तिथे थेट बसतो, पण लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग बसत नाही. अडॅप्टर घरूनच न्या.

मुक्काम जुन्या गावाच्या आत, कालव्याजवळ घ्या, भले खोली लहान मिळो. पहाटे पाच मिनिटांत काठावर पोहोचता आलं पाहिजे. बाहेरच्या वस्तीत स्वस्त राहून पहाटेचा उजेड हुकला, तर वाचलेल्या पैशांचा उपयोग नाही.

पहिली संध्याकाळ: रोझेनहूडकाई

‘काई’ म्हणजे धक्का, आपल्या भाऊच्या धक्क्यातला. रोझेनहूड म्हणजे जपमाळ. इथे जपमाळा विकत असत म्हणून हे नाव. दोन कालव्यांच्या वळणावरची ही जागा ब्रुजमध्ये सर्वात जास्त छायाचित्रित झालेली आहे, आणि तिथे गर्दी असते म्हणून ती टाळावी असं मला वाटत नाही. डावीकडे झाड, मधे पाण्यात उतरलेली विटांची घरं, मागे घंटाघर. रचना आपसूक जमून येते.

इथून घंटाघर वायव्येला दिसतं. म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे असतो आणि घरांवर सोनेरी ऊन पडतं. संध्याकाळी, विशेषतः उन्हाळ्यात, सूर्य मनोऱ्याच्या मागच्या बाजूला असतो आणि सगळं काळंसावळं होतं. त्यामुळे मावळतीच्या आधीचे फोटो घेण्यात वेळ घालवू नका. सहाला जाऊन जागा धरा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. सूर्य मावळल्यावर साधारण विसाव्या ते चाळिसाव्या मिनिटापर्यंत आकाशाचा निळेपणा आणि इमारतींवरच्या पिवळ्या दिव्यांचा उजेड एकमेकांच्या तोडीचे असतात. फोटो त्या वीस मिनिटांत होतो. नंतर आकाश काळं पडतं आणि मनोरा नुसता पिवळा डाग दिसायला लागतो.

ट्रायपॉड असेल तर आयएसओ 100, छिद्र एफ/8, आणि शटर चार ते पंधरा सेकंद. शटरला हात न लावता दोन सेकंदांचा टायमर वापरा. ट्रायपॉड नसेल तर दगडी कठडा आहेच. त्यावर रुमालाची घडी ठेवून फोन टेकवा, नाइट मोड लावा, टायमर लावा आणि हात काढून घ्या. फोन स्थिर आहे हे कळलं की बरेच फोन स्वतःहून जास्त सेकंद घेतात. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडा खाली ओढा, उणे 0.7 पर्यंत, नाहीतर मनोऱ्यावरच्या दिव्यात बारकावे जळून जातात. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, घेता येत असेल तर घ्याच, कारण त्या पिवळ्या दिव्यांचा रंग नंतर दुरुस्त करावा लागतो.

आता प्रतिबिंबाबद्दल. पाण्यातली प्रतिमा मूळ इमारतीपेक्षा नेहमी गडद असते, म्हणून एक्सपोजर इमारतीवर ठेवा आणि पाणी नंतर जरा उजळा. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ, तितकं प्रतिबिंब मोठं आणि पूर्ण. उभं राहून डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेला फोटो आणि गुडघ्यावर बसून कठड्याच्या फटीतून घेतलेला फोटो, हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. पोलरायझर फिल्टर लोक हौसेने नेतात. तो पूर्ण फिरवला तर पाण्यावरची चमक घालवतो, म्हणजे आपल्याला हवं असलेलं प्रतिबिंबच पुसतो. लावलात तर डोळ्यांनी बघत थोडाच फिरवा.

आणि कॅमेरा वर वाकवू नका. मनोरा मावत नाही म्हणून फोन मागे कलला की घरं आत पडल्यासारखी दिसतात. फोन सरळ उभा धरा, मागे सरका, खाली पाणी जास्त येऊ द्या. पाणी जास्त आलं तर इथे बिघडत काहीच नाही.

दुसऱ्या दिवसाची पहाट

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी निघा. मी जी वाट धरतो ती अशी: मार्क्ट चौकातून बुर्ग चौकात. 1376 मध्ये पायाभरणी झालेलं नगरभवन इथेच आहे, उभ्या खिडक्यांचं आणि दगडी कोरीवकामाचं. रात्री पाऊस झाला असेल तर चिऱ्यांवर पाण्याचा थर असतो, फोन उलटा करून लेन्स जमिनीलगत धरा. कोपऱ्यातल्या कमानीखालून ‘आंधळ्या गाढवाची गल्ली’ जाते. तिथून पूल ओलांडला की फिसमार्क्ट, म्हणजे 1821 चा मासळीबाजार, खांबांच्या रांगांचा. सकाळी मासे घेऊन विक्रेते येतात त्या आधीच तो रिकामा सापडतो.

इथून डावीकडे वळा. सगळे उजवीकडे जातात. डावीकडे ग्रूनेरेई आहे, हिरवा काठ. झाडं पाण्यावर झुकलेली, दोन जुने दगडी पूल, वेली चढलेल्या भिंती. पुलाची अर्धगोल कमान आणि तिचं प्रतिबिंब मिळून पूर्ण वर्तुळ होतं, पण ते फक्त पाणी निश्चल असताना आणि तुम्ही कालव्याच्या मधोमध समोर असताना. त्यासाठी पुढच्या पुलावर उभं राहून मागच्या पुलाकडे बघायचं. अरुंद कालवा, दोन्हीकडे घरं, त्यामुळे वाराही कमी लागतो. रोझेनहूडकाईवर पाणी थरथरत असलं तरी इथे ते बऱ्याचदा शांत मिळतं.

परत फिरून रोझेनहूडकाईवरून डायव्हर कालव्याच्या काठाने चर्चच्या दिशेला जा. चर्च ऑफ अवर लेडीचा विटांचा मनोरा 115 मीटरहून उंच आहे आणि गावात कुठूनही दिसतो. त्याच्या मागे बोनिफेसियस नावाचा इवलासा दगडी पूल आहे. तो मध्ययुगीन वाटतो, पण आहे 1910 चा. दहानंतर त्यावर उभं राहायला जागा नसते, आठला तुम्ही एकटे असता. पुलावर उभं राहून फोटो घेण्यापेक्षा बागेच्या बाजूने पूल, पाणी आणि लाकडी घरांच्या मागच्या भिंती एकत्र घ्या.

पुढे बेगाइनहोफ. 1245 च्या सुमाराला स्थापन झालेली ही स्त्रियांची वसाहत. लग्न न करता, पण पूर्ण संन्यासही न घेता, एकत्र राहून काम करणाऱ्या बेगाइन बायकांची. 1927 पासून इथे बेनेडिक्टाइन नन राहतात. पांढरी घरं, उंच झाडं, मधे गवत. बोलू नका अशी पाटी आहे आणि ती मनापासून पाळा. फोनचा शटरचा आवाज बंद करा, घरांच्या खिडक्यांत कॅमेरा घालू नका. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला दार लागतं. झाडांच्या खोडांमधून तिरपं ऊन गवतावर येतं तेव्हा सकाळी इथे थांबण्यासारखं दुसरं ठिकाण नाही.

बाहेर पुलाजवळ हंस असतात. 1488 मध्ये गावकऱ्यांनी आपला शासक, ऑस्ट्रियाचा मॅक्सिमिलियन, याला कैद केलं आणि त्याचा अधिकारी पीटर लांखाल्स याला ठार केलं. त्या आडनावाचा उच्चार डचमधल्या ‘लांब मान’ या शब्दांच्या जवळ जातो, म्हणून शिक्षा म्हणून गावाने कायम लांब मानेचे पक्षी पाळावेत असं ठरलं, अशी दंतकथा सांगतात. हंसांचा फोटो घेताना एक्सपोजर एक पूर्ण पायरी खाली आणा, तरच पिसं दिसतात. मग मिनेवाटर तळ्याच्या दक्षिण टोकाच्या पुलावर जाऊन उत्तरेकडे बघा: तळं, झाडं आणि मागे मनोरे.

भर दुपारी आत जा

अकरा ते चार ऊन कडक, गर्दी दाट, पाणी ढवळलेलं. हा वेळ छपराखाली घालवा. चर्च ऑफ अवर लेडीमध्ये मायकेलअँजेलोची संगमरवरी माता आणि बाळ आहे, त्याच्या हयातीत इटलीबाहेर गेलेली शिल्पकृती. ब्रुजच्या कापडव्यापाऱ्यांनी ती विकत आणली. 1794 मध्ये फ्रेंचांनी ती नेली, परत आली. 1944 मध्ये जर्मन सैन्याने गाद्यांत गुंडाळून रेडक्रॉसच्या ट्रकमधून पळवली आणि युद्ध संपल्यावर ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत सापडली. आईची नजर बाळाकडे नाही, खाली आणि जरा बाजूला आहे. फोटो घ्या, पण आधी पाच मिनिटं बसून बघा.

ग्रूनिंगे संग्रहालयात यान व्हॅन आयकचं 1436 सालचं मोठं चित्र आहे, त्यात म्हाताऱ्या पाद्र्याच्या हातात चष्मा आहे. चष्म्याच्या भिंगाखाली पुस्तकातली अक्षरं वाकडी झालेली चित्रकाराने दाखवली आहेत. फोटो काढणाऱ्या माणसाने हे जरूर बघावं.

घंटाघर 83 मीटर उंच, 366 पायऱ्या. तिकीट वेळेनुसार असतं, आधी ऑनलाइन घ्या. वरचा जिना अरुंद आणि गोल आहे, उतरणाऱ्याला वाट देताना भिंतीला चिकटावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-बाबांना आग्रह करू नका. वाटेत 47 घंटांचं वाद्य चालवणारा पितळी दांडगा ड्रम बघायला मिळतो. वर खिडक्यांना जाळी आहे, फोनची छोटी लेन्स भोकातून जाते, मोठ्या कॅमेऱ्याची अडते.

बोटफेरी करायची का? करा, एकदा, अर्ध्या तासाची असते. काठावरून न दिसणाऱ्या मागच्या भिंती आणि पुलांची पोटं तिथूनच दिसतात. अगदी पुढे किंवा अगदी मागे बसा, शटर 1/500 च्या वर ठेवा. ड्रोन मात्र घरीच राहू द्या.

खाण्याचं

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचावं. बेल्जियमचे बटाट्याचे तळलेले काप जगप्रसिद्ध आहेत, पण परंपरेने ते गाईच्या चरबीत तळतात. अजूनही बऱ्याच टपऱ्यांवर तसंच आहे, म्हणून तेल कोणतं ते आधी विचारा. सूप भाज्यांचं दिसलं तरी त्यात मांसाचा रस असू शकतो. ‘झोंडर फ्लेस, झोंडर विस’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. चीजचे गरम क्रोकेट असतात, ते मागताना कोळंबीचे आणि चीजचे यांत गल्लत होऊ देऊ नका. दुपारी पोटभर खा. संध्याकाळी जेवणाची वेळ आणि उजेडाची वेळ एकच येते, आणि त्या वेळी टेबलावर अडकलात तर पाणी हातचं जातं. पिशवीत दशम्या किंवा खाकरा असला की मी निर्धास्त असतो.

दुसरी संध्याकाळ आणि निघण्याआधीची सकाळ

दुसऱ्या संध्याकाळी पूर्वेच्या जुन्या तटावर, क्राउसफेस्टवर जा. गवताच्या टेकाडांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांतली सिंट-यान्सहाउस ही 1770 ची, आणि अजून मूळ जागी. मावळतीचं ऊन गावाच्या बाजूने येऊन थेट लाकडावर पडतं. टेकाडाच्या पायथ्याशी बसून वर बघितलं तर पाती आकाशावर मोकळी दिसतात. तिथून उतरून स्पीगेलरेईला या, म्हणजे ‘आरशाचा काठ’. दिवे लागल्यावर व्हॅन आयकच्या चौकाकडे बघत लांब कालवा टिपता येतो आणि रोझेनहूडकाईच्या एक दशांशही माणसं तिथे नसतात.

तिसऱ्या दिवशी सकाळ हाताशी असेल तर सायकल भाड्याने घेऊन डामेला जा. सहा-सात किलोमीटर, सपाट रस्ता, नेपोलियनच्या हुकुमाने खोदलेला सरळ कालवा आणि दोन्हीकडे वाऱ्याने एकाच बाजूला कललेली उंच झाडं. डामे हे ब्रुजचं जुनं बंदर. आज तिथे पुस्तकांची दुकानं, एक चर्च आणि चारी बाजूंना शेतं आहेत. सायकल उभी करून काठाच्या गवतात उतरा, फोन पाण्यापासून वीतभर वर धरा. झाडांच्या दोन रांगा आणि त्यांच्या पाण्यातल्या दोन रांगा लांबवर एका बिंदूत मिळतात. बदकं आली तर ती लांब जाऊन तरंग विरेपर्यंत थांबा.